नाताळची नम्रता आणि मानाचे संयोजन

डिसेंबर महिन्याची २५ तारीख आपल्या वाचकांना दोन कारणांनी परिचित आहे. जगभरचे बहुसंख्य ख्रिस्ती लोक या दिवशी येशूचा जन्मोत्सव साजरा करतात. याच तारखेला १९२७ साली महाड येथील सत्याग्रह परिषदेत परमपूज्य बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. पहिल्या घटनेचा संदेश नम्रतेचा आहे, असे ख्रिस्ती आचार्य शतकानुशतके सांगत आले. दुसऱ्या घटनेने हजारो वर्षे खाली दाबून ठेवलेली मान वर उचलली. एक दिवस वाकावयास शिकवितो आणि दुसरा ताठ उभे राहावयास शिकवितो, असे वरवर पाहता वाटते. मग या दोन शिकवणी परस्परविरोधी समजावयाच्या काय? की 'नम्रता' या एकाच शब्दाखाली दोन अगदी भिन्न गोष्टी वावरत आहेत?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. ज्या वस्त्यांतून एक कुटुंब बाप्तिस्म्याकडे गेले आणि शेजारचे कुटुंब पुढे धम्मदीक्षेकडे आले, अशा वस्त्या महाराष्ट्रात आहेत. नातेसंबंध आणि सुखदुःखे सामायिक असलेल्या या लोकांच्या धर्मविचाराची ओळख आपल्याला असणे अगत्याचे आहे. शिवाय अहंकाराचा विचार बुद्धवचनातही फार सूक्ष्मपणे झालेला आहे. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही प्रथम ख्रिस्ती परंपरेतील नम्रतेचे स्वरूप तिच्याच भूमीवर समजून घेऊ, तिचा उपयोग आणि दुरुपयोग पाहू आणि त्यानंतर पालि साहित्यातील 'मान' या संकल्पनेच्या प्रकाशात तिची मीमांसा करू.

१. शब्दांचा विचार

मराठीत 'मान' शब्दाला दोन ठळक अर्थ आहेत. एक शरीराचा अवयव आणि दुसरा आदर. 'मान ताठ ठेवणे' या प्रयोगात ते दोन्ही अर्थ एकत्र येतात. पालि भाषेत मात्र 'मान' हा बहुधा चित्तमलाचा वाचक आहे. स्वतःला दुसऱ्याशी ताडून पाहणारी, 'मी अमुक आहे' असे धरून बसणारी वृत्ती म्हणजे मान. मराठी वाचकाच्या मनात या दोन अर्थांची गल्लत झाली, तर मानाचा त्याग म्हणजे स्वाभिमानाचा त्याग असे विपरीत अनुमान निघते. ते टाळण्यासाठी हा भेद आरंभीच नोंदविला पाहिजे.

ख्रिस्ती परंपरेतील शब्दांनाही असाच इतिहास आहे. ज्या ग्रीक भाषेत नवा करार लिहिला गेला, तिच्यात 'टापेइनोस' हे विशेषण खालच्या पायरीच्या, दबलेल्या माणसाला लावले जाई आणि त्यात तुच्छतेची छटा असे. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात थोर गोष्टींना आपण पात्र आहोत असे मानणारा आणि खरोखर पात्र असणारा पुरुष हा आदर्श ठरतो. दबून वागणे हा तेथे दोष आहे. लॅटिनमधील 'ह्युमिलितास' या शब्दाचे नाते 'ह्युमस' म्हणजे माती या शब्दाशी आहे. जमिनीलगत असणे हा त्याचा मूळ भाव. ग्रीक-रोमन जगात जो शब्द गुलामाचे आणि कुळाचे वर्णन करी, त्याला ख्रिस्ती लोकांनी सद्गुणाच्या आसनावर बसविले. हे स्थित्यंतर कशामुळे घडले, याचे उत्तर नाताळच्या कथेत आहे.

२. गोठ्यातील जन्म

लूकच्या शुभवर्तमानानुसार येशूच्या जन्मसमयी त्याच्या आईबापांना उतरण्यास जागा मिळाली नाही आणि बालकाला गव्हाणीत निजविले गेले. वार्ता प्रथम पोहोचली ती रात्री मेंढरे राखणाऱ्या धनगरांना. मत्तयच्या शुभवर्तमानात पूर्वेकडचे ज्ञानी येतात आणि हेरोद राजा भयभीत होतो. इतिहासाच्या दृष्टीने या कथांची चिकित्सा पुष्कळ झाली आहे. जन्माची तारीख शुभवर्तमानांत नाही. २५ डिसेंबरच्या उत्सवाचा सर्वात जुना निश्चित पुरावा रोम येथील इसवी सन ३५४ च्या पंचांगात सापडतो. आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीला हा सण पाळते. मराठीतील 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आणि त्याचा अर्थ जन्मदिन एवढाच आहे.

परंतु श्रद्धेच्या दृष्टीने महत्त्व तारखेचे नाही. महत्त्व आहे ते दिशेचे. पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात जो विचार मांडला, तो ख्रिस्ती नम्रतेचा पाया आहे. येशू देवस्वरूप असूनही त्याने ते पद घट्ट धरून ठेवले नाही, स्वतःला रिते केले, दासाचे रूप घेतले आणि क्रूसावरील मरणही पत्करले, असे पौल सांगतो. या 'रिते करण्या'ला धर्मशास्त्रात 'केनोसिस' म्हणतात. क्रूसाचा दंड रोमन साम्राज्यात मुख्यतः गुलामांना आणि बंडखोरांना दिला जाई, हे लक्षात घेतले म्हणजे या विधानाची धार कळते. सर्वोच्च सत्ता स्वतः होऊन सर्वात खालच्या पायरीवर उतरते, हा या विचाराचा गाभा होय. पाचव्या शतकाच्या आरंभी आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन नाताळच्या प्रवचनांत याच विरोधाभासावर भर देत असे. जो विश्वाचा शब्द, तोच बोलता न येणारे तान्हे मूल झाला, असा त्याचा आशय असे.

याच्याच जोडीला लूकच्या पहिल्या अध्यायातील मरियेचे गीत ठेवावे लागते. कॅथलिक चर्चमध्ये ते सायंप्रार्थनेत रोज म्हटले जाते. देव बलवंतांना आसनावरून खाली ओढतो, दीनांना उंच करतो, भुकेल्यांना तृप्त करतो आणि श्रीमंतांना रिकाम्या हाताने पाठवितो, असा त्याचा भावार्थ. म्हणजे मूळ कथेत दोन गती एकाच वेळी आहेत. जे वर आहेत त्यांनी खाली उतरावयाचे आहे आणि जे खाली आहेत त्यांना वर उचलावयाचे आहे. यांपैकी एकच गती निवडून ती भलत्यालाच लागू केली की काय होते, हे आपण पुढे पाहणार आहोत.

३. अहंकाराची चिकित्सा

नम्रतेचा केवळ उपदेश करून ख्रिस्ती साधक थांबले नाहीत. अहंकार कसा उगवतो, कोणती रूपे धारण करतो, याचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले. इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रिउस (मृत्यू ३९९) याने साधकाला ग्रासणारे आठ दुर्विचार सांगितले. खादाडपणा, कामवासना, लोभ, विषाद, क्रोध आणि साधनेतील मरगळ यांच्यानंतर कीर्तीची हाव आणि शेवटी गर्व, असा त्यांचा क्रम आहे. गर्व शेवटी येण्याचे कारण विचार करण्यासारखे आहे. इतर दोष जिंकल्यावरच तो बळावतो. कारण जिंकल्याचा अभिमान हेच त्याचे अन्न आहे. जॉन कॅसिअनने हा विचार पाचव्या शतकात लॅटिन जगात नेला. कीर्तीच्या हावेला त्याने कांद्याची उपमा दिली आहे. एक पापुद्रा काढावा तो खाली दुसरा तयार असतो. चांगले वस्त्र घातले तर त्याचा अभिमान. ते टाकून फाटके घातले तर त्या फाटक्याचा अभिमान! पुढे पोप ग्रेगरी (कारकीर्द ५९० ते ६०४) याने गर्वाला सर्व दुर्गुणांची राणी ठरविले आणि सात प्रमुख दोष तिच्यापासून निघतात असे प्रतिपादन केले.

सहाव्या शतकात बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी जी नियमावली रचली, तिच्या सातव्या अध्यायात नम्रतेच्या बारा पायऱ्या आहेत. पहिली पायरी देवाच्या भयाची, तिसरी वरिष्ठाच्या आज्ञापालनाची, पाचवी आपले दोष मठाधिपतीजवळ न लपविता सांगण्याची, सातवी आपण सर्वांहून कनिष्ठ आहोत असे अंतःकरणापासून मानण्याची आणि बारावी देहाच्या हालचालीतही नम्रता उतरविण्याची. बाराव्या शतकात क्लेअरव्हो येथील बर्नार्डने या बारा पायऱ्यांवर ग्रंथ लिहिला. पण लिहिताना त्याने गर्वाच्या उतरत्या बारा पायऱ्यांचे वर्णन केले. त्यांतील पहिली पायरी फाजील कुतूहलाची आहे. साधक स्वतःकडे पाहण्याचे सोडून इतरांकडे टकमक पाहू लागतो. तेथून थिल्लरपणा, बढाई, चारचौघांत वेगळे दिसण्याची धडपड, आपल्या चुकांचे समर्थन, खोटीच कबुली अशा टप्प्यांनी तो घसरत जातो आणि शेवटी पाप हीच त्याची सवय बनते. बर्नार्डच्या मते नम्रता म्हणजे स्वतःविषयीच्या सत्याचे ज्ञान. ही व्याख्या ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण तिने नम्रतेला लाचारीपासून दूर नेले.

नाताळपूर्वीच्या चार रविवारांचा काळ पाश्चात्य चर्चमध्ये 'आगमनकाळ' म्हणून पाळला जातो. जांभळ्या रंगाची धर्मवस्त्रे, आत्मपरीक्षण आणि पापनिवेदन ही त्याची अंगे आहेत. सणाचा गाजावाजा वाढला तसा हा तयारीचा काळ दुर्लक्षित झाला, अशी खंत ख्रिस्ती धर्मोपदेशकच व्यक्त करतात. या काळाला आज परिचित असलेले दृश्यरूप देण्यात असिसीच्या फ्रान्सिसचा मोठा वाटा आहे. १२२३ च्या नाताळात त्याने इटलीतील ग्रेच्चो या गावी खरी गव्हाण, गवत, बैल आणि गाढव आणवून जन्माच्या दारिद्र्याचे दर्शन घडविले. कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा हा मुलगा. त्याने आपल्या संघाला 'लहान बंधू' असे नाव दिले. त्या काळच्या इटालियन नगरांत 'लहान' हा शब्द सामान्य, बिनसत्तेच्या वर्गासाठी वापरला जाई. फ्रान्सिसची नम्रता ही वर्ग सोडून खाली उतरण्याची कृती होती.

४. एक दार आणि एक दिवस

बेथलेहेम येथे येशूच्या जन्मस्थानी चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळी चर्च उभारले गेले आणि सहाव्या शतकात जस्टिनियनच्या काळी त्याची पुनर्बांधणी झाली. त्याचे मूळचे भव्य प्रवेशद्वार मध्ययुगात आणि पुढे उस्मानी अमलात चिणून लहान करण्यात आले. आज ते जेमतेम चार फूट उंच आहे. घोडे आणि गाड्या आत घुसू नयेत हा त्यामागील व्यावहारिक हेतू. पुढे यात्रेकरूंनी त्याला 'नम्रतेचे दार' म्हटले, कारण राजालाही तेथे वाकूनच जावे लागते. मात्र आत पाऊल टाकल्यावर उंच खांबांचा प्रशस्त मंडप लागतो आणि माणूस पुन्हा सरळ उभा राहतो. घोड्यावर बसून येणाऱ्याला हे दार काही शिकविते. जो आयुष्यभर वाकूनच चालला, त्याला शिकविण्यासारखे त्या दाराजवळ काही नाही. त्याच्यासाठी आतला मंडप महत्त्वाचा आहे.

मध्ययुगीन युरोपात नाताळच्या हंगामात 'बाल-बिशप' निवडण्याची प्रथा होती. गायनमंडळातील एका मुलाला बिशपची वस्त्रे चढवीत. मरियेच्या गीतात बलवंत आसनावरून खाली येतात हे शब्द आले की वडीलधाऱ्यांनी आसने रिकामी करावयाची आणि मुलांनी तेथे बसावयाचे. २८ डिसेंबर हा त्याचा मुख्य दिवस. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने १५४१ साली ही प्रथा बंद केली. उलथापालथीचे हे नाट्य गोड होते; पण ते एका दिवसाचे होते. दुसऱ्या दिवशी बिशप बिशपच्या आसनावर आणि मुलगा आपल्या जागी. समाजातील उतरंड तशीच ठेवून तिला वर्षातून एकदा हसू देणे, एवढाच त्याचा परिणाम होत असे.

५. नम्रता कोणाला शिकविली गेली?

आता आपण अवघड भागाकडे येतो. वरून खाली उतरणाऱ्याचा सद्गुण जेव्हा मुळातच खाली असलेल्याला शिकविला जातो, तेव्हा त्याचे रूप पालटते. लंडनमध्ये १८०७ साली वेस्ट इंडीज बेटांतील गुलामांसाठी बायबलची निवडक आवृत्ती छापण्यात आली. तीतून इस्राएल लोकांच्या गुलामगिरीतून सुटकेचा वृत्तांत जवळजवळ सगळा वगळला होता. धन्याची आज्ञा पाळण्याचा उपदेश मात्र कायम ठेवला होता. अमेरिकेतील फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामगिरीतून निसटला होता. त्याने १८४५ मधील आत्मकथनात नाताळ ते नववर्ष या सुट्टीचे वर्णन केले आहे. या दिवसांत गुलामांना मोकळीक आणि मद्य देऊन त्यांच्यातील बंडाची वाफ दवडली जाई, हे त्याचे निरीक्षण आहे. ख्रिस्ताचा धर्म आणि गुलामधारकांचा धर्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्याने तेथेच निक्षून सांगितले.

याच हंगामाचा दुसरा इतिहास जमैका बेटावर घडला. बाप्टिस्ट मंडळीतील सॅम्युअल शार्प या गुलाम उपदेशकाने बायबल वाचून असा निष्कर्ष काढला की एका माणसाला दुसऱ्यावर मालकी सांगता येत नाही. नाताळची सुट्टी संपल्यावर मजुरी मिळाल्याशिवाय कामावर जावयाचे नाही, असा त्याचा बेत होता. २७ डिसेंबर १८३१ रोजी उठावाचा वणवा पेटला. तो निर्दयपणे चिरडला गेला आणि मे १८३२ मध्ये शार्पला फाशी देण्यात आली. पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेने गुलामगिरी नष्ट करण्याचा कायदा केला. त्याच गव्हाणीच्या कथेतून धन्याने दास्य वाचले आणि दासाने मुक्ती वाचली.

विसाव्या शतकात ही चिकित्सा धर्मशास्त्राच्या अंतरंगात शिरली. अमेरिकन विदुषी व्हॅलरी सेव्हिंग यांनी १९६० साली असा प्रश्न उपस्थित केला की गर्व हेच मूळ पाप, हा सिद्धान्त पुरुषांच्या अनुभवावर बेतलेला नाही काय? जिला स्वतःचे अस्तित्वच उभे करू दिलेले नाही, त्या स्त्रीचा दोष गर्व नव्हे. स्वतःला पुसून टाकणे हा आहे. भारतात अरविंद निर्मळ यांनी १९८१ पासून दलित ख्रिस्ती धर्मविचाराची मांडणी केली आणि दासरूप येशू हा दलितांचा सहप्रवासी म्हणून पाहिला.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्मांतरितांच्या स्थितीवर जे निबंध लिहिले, ते महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या लेखन आणि भाषणांच्या पाचव्या खंडात आहेत. त्यांची टीका दुहेरी आहे. एक, धर्मांतरानंतरही जातिभेद चर्चमध्ये टिकून राहिला. दोन, माणसाच्या पतनाचे कारण त्याचे पाप आहे अशी शिकवण अस्पृश्याला दिली, की त्याच्या दुःस्थितीचे खरे कारण, म्हणजे सामाजिक व्यवस्था, नजरेआड होते. ही टीका आपल्या विषयाच्या मर्मावर बोट ठेवते. ज्याला व्यवस्थेने खाली ढकलले, त्याला तू स्वतःला नीच समज असे सांगणे म्हणजे व्यवस्थेच्या अन्यायावर धर्माचा शिक्का मारणे होय. मनुस्मृतीने नेमके हेच केले होते. शूद्राचे नावसुद्धा तिरस्कारदर्शक असावे, असा तिचा दंडक आहे.

चर्चनेही काही अंशी ही चूक पाहिली आहे. गोव्यात बामण, चार्डी, सुदीर असे भेद बाप्तिस्म्यानंतर शतकानुशतके टिकले. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितविषयक धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये भेदभाव आहे हे मान्य केले. व्यक्तींच्या पातळीवरची उदाहरणे त्याही पूर्वीची आहेत. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली आणि लक्ष्मीबाई टिळकांनी १९०० साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. चित्पावन घराण्यातील हे दांपत्य पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात दलित ख्रिस्ती लोकांमध्ये राहिले. लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र सोवळ्यातून बाहेर पडणाऱ्या मनाचा प्रांजळ दस्तऐवज आहे. येथे नम्रता योग्य ठिकाणी लागू पडली, कारण जन्माचा अभिमान ज्याच्याजवळ होता त्यानेच तो खाली ठेवला.

६. पालि साहित्यातील मान

आता बुद्धवचनाकडे वळू. दहा संयोजनांमध्ये, म्हणजे चित्ताला जखडणाऱ्या बंधनांमध्ये, मानाची गणना होते आणि तो वरच्या पाच संयोजनांत येतो. सक्कायदिट्ठी स्रोतापन्नाची सुटते, कामराग आणि पटिघ अनागामीचे सुटतात. मान मात्र अरहत्त्वाच्या क्षणापर्यंत टिकतो. एव्हाग्रिउसने गर्वाला शेवटचे स्थान का दिले, ते आठवावे. दोन परंपरांतील साधकांनी स्वतंत्रपणे केलेले हे निरीक्षण जुळणारे आहे.

पण पुढचा मुद्दा बुद्धाचा स्वतंत्र आहे. मानाच्या तीन 'विधा' सांगितल्या आहेत: सेय्य, सदिस आणि हीन. 'मी श्रेष्ठ आहे' हा मान, 'मी बरोबरीचा आहे' हाही मान आणि 'मी हीन आहे' हाही मानच! अभिधम्माच्या विभंग ग्रंथात मानाचे सात प्रकार येतात. त्यांत अतिमानासोबत 'ओमान' म्हणजे स्वतःला खाली मोजण्याची वृत्तीही आहे. याचा अर्थ असा की न्यूनगंड हा नम्रतेचा प्रकार नाही. तो अहंकाराच्याच कुळातला आहे, कारण दोन्हींच्या मुळाशी 'मी' आणि मोजमाप आहे. या कसोटीवर बेनेडिक्टची सातवी पायरी शंकास्पद ठरते. तथापि ख्रिस्ती पक्षाचे उत्तरही नोंदविले पाहिजे. तेराव्या शतकातील थॉमस अक्विनास सांगतो की आपल्यातील उणीव आणि दुसऱ्यातील ईश्वरी देणगी यांची ही तुलना आहे. देणगीची देणगीशी नव्हे. म्हणूनच थोर कार्याची उमेद आणि नम्रता या दोहोंत तो विरोध मानीत नाही.

संघात मानाचा निरास कृतीतून होत असे. चुल्लवग्गात शाक्य कुमारांच्या प्रव्रज्येची कथा आहे. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगु, किम्बिल आणि देवदत्त यांनी अनुपिया येथे भगवंतांना विनविले की आमच्याबरोबर आलेल्या उपालि न्हाव्याला प्रथम प्रव्रज्या द्यावी. आम्ही शाक्य मानी आहोत. तो ज्येष्ठ झाला म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा मान उतरेल. बाल-बिशपाचे आसन एका दिवसाचे होते. उपालीचे ज्येष्ठत्व आयुष्यभराचे होते, कारण ते विनयाच्या नियमात बसविलेले होते. उपालि पुढे विनयधरांमध्ये अग्र ठरला.

याच संदर्भात एका अवघड उपमेचा उल्लेख टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अंगुत्तरनिकायाच्या नवकनिपातात एका भिक्खूने सारिपुत्तावर धक्का देऊन क्षमा न मागता गेल्याचा आरोप केला, तेव्हा सारिपुत्त आपल्या चित्ताचे वर्णन करतात. पृथ्वी, पाणी, पुसण्याचे फडके, शिंगे मोडलेला बैल अशा उपमा ते देतात. त्यांतच हाती भांडे घेऊन फाटक्या वस्त्रांत, नीच चित्त करून गावात शिरणाऱ्या चांडालाच्या मुलाची उपमा येते. आजच्या वाचकाला ती बोचते आणि बोचलीच पाहिजे. ब्राह्मण कुळात जन्मलेला, धम्मसेनापती म्हणून गौरविला गेलेला पुरुष ही अवस्था स्वतःसाठी निवडतो, यात मोठेपणा आहे. परंतु त्या चांडाल मुलाचे वाकणे त्याने निवडलेले नव्हते. ते त्याच्यावर लादलेले होते.

त्या मुलाचे पुढे काय व्हावे, याचे उत्तर थेरगाथेतील सुनीत थेरांच्या वचनांत मिळते. सुकलेली फुले झाडून टाकण्याचे काम करणारा सुनीत सांगतो की लोक माझी घृणा करीत आणि मी मन नीच करून पुष्कळांपुढे वाकत असे. भगवंतांनी त्याला आणखी नम्र होण्याचा उपदेश केला नाही. त्यांनी त्याला भिक्खू म्हणून हाक दिली आणि तो उभा राहिला. अरहंत झाल्यावर इंद्र आणि ब्रह्मा त्याला हात जोडतात, असे गाथा सांगतात. सारिपुत्त खाली उतरतात, सुनीत वर उठतो आणि दोघांची भेट समान भूमीवर होते. मानाचे औषध रोग्याची अवस्था पाहून दिले जाते, ते असे.

अखेरचा सूक्ष्म मान संयुत्तनिकायातील खेमक सुत्तात येतो. कोसंबीजवळ बदरिकारामात आजारी असलेले खेमक भिक्खू सांगतात की पाच खंधांपैकी कशालाही मी 'मी' म्हणत नाही, तरी 'मी आहे' ही जाणीव पुरती गेलेली नाही. परिटाने खारी माती, क्षार आणि शेण लावून कपडा धुतला तरी त्या धुण्याच्या द्रव्यांचा वास मागे राहतो. सुगंधी पेटीत ठेवल्यावर तोही जातो. साधनेचा अभिमान हा असाच धुण्याचा वास आहे. कॅसिअनच्या कांद्याचे आणि खेमकांच्या कपड्याचे साम्य सुज्ञ वाचकांच्या ध्यानी येईलच.

७. साम्य, भेद आणि आपला प्रश्न

दोन्ही परंपरा गर्वाला चिवट मानतात, सद्गुणाच्या वेषात तो लपतो हे जाणतात आणि कृतीने तो उतरवितात. भेद पायाचा आहे. ख्रिस्ती नम्रता ही निर्मात्यापुढील निर्मिताची वृत्ती आहे. गर्व म्हणजे त्या आधीनतेचा नकार. म्हणून प्रार्थना, आज्ञापालन आणि कृपा ही तिची साधने. बुद्धधम्मात निर्माता नाही. गर्व म्हणजे अनित्य खंधांना 'मी' समजण्याची चूक. म्हणून निरीक्षण आणि प्रज्ञा ही साधने. मंगलसुत्तात 'निवात' म्हणजे विनम्रता हे मंगल सांगितले आहे, पण ते गौरवाच्या सोबत. जो आदरणीय आहे त्याला ओळखणे आणि स्वतः न फुगणे, एवढाच त्याचा आशय आहे. दुसऱ्याच्या जुलमापुढे मान तुकविणे त्यात बसत नाही.

मग स्वाभिमान म्हणजे काय? बाबासाहेबांनी ज्या स्वाभिमानासाठी झगडा केला, तो इतरांपेक्षा मोठे ठरण्यासाठी नव्हता. 'मी हीन आहे' ही लादलेली विधा फेकून देणे हा त्याचा आशय होता. पालि परिभाषेत तो मानाचा परिपोष नसून मानाच्या एका शाखेचा उच्छेद आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतिदहनाचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला. ते जन्माने ब्राह्मण होते. त्या एकाच रात्री एका माणसाने जन्मश्रेष्ठत्वाचा मान खाली ठेवला आणि सहस्रावधींनी जन्महीनत्वाचा मान टाकून दिला. सेय्य आणि हीन या दोन्ही विधा एकाच अग्नीत पडल्या, असे आम्ही या घटनेचे वाचन करतो.

तथापि, येथेच थांबलो तर आपला अभ्यास एकांगी होईल. हीन विधा गेली की तिच्या जागी सेय्य विधा अलगद येऊन बसते, हा चित्ताचा स्वभाव आहे. शिक्षण आणि नोकरी मिळालेल्या आपल्यातील माणसाला वस्तीतला भाऊ अडाणी वाटू लागतो. विवाह जुळविताना पोटजात हळूच विचारली जाते. विहाराच्या कोनशिलेवर नाव कोणाचे आणि मंचावर मधली खुर्ची कोणाची, यावरून संस्था दुभंगतात. मैलाच्या गटारात आजही उतरावे लागणाऱ्या माणसाशी आपण कसे बोलतो, हे तपासून पाहावे. बर्नार्डची पहिली पायरी अशी की नजर स्वतःवरून हटून इतरांवर टीका करीत फिरू लागते. ती पायरी ख्रिस्ती मठापुरती मर्यादित नाही.

म्हणून नम्रतेचा उपदेश कानी पडेल तेव्हा, मग तो कोणत्याही धर्मपीठावरून असो, तीन गोष्टी विचाराव्यात. हा उपदेश करणारा वर उभा आहे की खाली? ज्याला तो केला जात आहे, त्याच्याजवळ उतरविण्यासारखे काही आहे काय? आणि वाकण्याचे फळ म्हणून पुढे सर्वांना सरळ उभे राहता येईल असा मंडप आहे काय? ही उत्तरे समाधानकारक असतील, तर ती नम्रता गव्हाणीतून आलेली असो वा बोधिवृक्षाखालून, तिचा आदर करावा. नसतील तर ताठ मानेने नकार द्यावा. येत्या २५ डिसेंबरला शेजारच्या ख्रिस्ती घरी शुभेच्छा देण्यास आपण जाल, तेव्हा गव्हाणीची कथा त्यांच्याकडून ऐकावी आणि महाडची कथा त्यांना सांगावी. दोन्ही कथांना एकमेकींची गरज आहे.